माऊस कोणाच्या हातात

शनिवार, रात्री उशिरा

आज लॅबमध्ये इतका गारठा होता की मी ओढणी डोक्यावरून घेऊन बसले, एसी कमी करा म्हटलं तर मॅडम म्हणतात तो मशीनसाठी आहे, आपल्यासाठी नाही. बरं बाई.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मी सध्या नागपुरात सीताबर्डीजवळ एका ठिकाणी मल्टिमीडियाची शनिवार-रविवारची बॅच करतेय. आमचं महाल भागात डीटीपीचं दुकान, लग्नपत्रिका, फ्लेक्स, रबरी शिक्के, जे येईल ते. मागची दोनतीन वर्षं गिऱ्हाईक पत्रिका छापायला येतं आणि विचारतं व्हॉट्सॲपवाली व्हिडिओ पत्रिका करून देता का, आणि मी आपली नाही म्हणते आणि ते बाजूच्या पोट्ट्याकडे जातं. म्हणून हा सगळा खटाटोप. पत्रिका-बॅनर डिझाइन करायचं कोरलड्रॉ मला झोपेत येतं, व्हिडिओचा मात्र गंध नव्हता.

सुरुवातीला प्रोजेक्टरवर बघताना सगळं सोपं वाटायचं. इथे कट मारा, हा तुकडा तिकडे ओढा, वर म्युझिक टाका, झालं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलंसुद्धा की काही कठीण नाही यात. यूट्यूबवरचे ट्यूटोरियल बघतानापण अगदी असंच होतं, समोरचा माणूस करत असतो आणि आपल्याला वाटत राहतं की आपल्याला येतंय. मग मशीनसमोर बसलं की टाइमलाइनवर, म्हणजे क्लिपा ओळीने लावायच्या पट्टीवर, पहिली क्लिप कुठे ठेवायची इथपासून बोंब.

आणि त्यात एका मशीनवर दोघं. माझ्यासोबत जो पोरगा आहे तो मास कॉमचा, विशीतला, हात असा चालतो त्याचा की बोटं दिसत नाहीत. स्वभावाने गोड आहे पण मी जरा थांबले की लगेच, काकू सरका ना, मी करून देतो, तुम्ही फक्त बघा. तुम्ही फक्त बघा! या एका वाक्यापायी माझे कितीतरी तास गेले असतील. आणि गंमत म्हणजे त्याला यात काही वाईट वाटत नाही, तो मदतच करून राहिला होता. पूर्ण लॅबमध्ये हेच चित्र, प्रत्येक मशीनवर एक करणारा आणि एक मान हलवणारा, आणि मान हलवणारा बहुतेक वेळा मुलगी नाहीतर माझ्यासारखी वयाने मोठी बाई. हे कोणी ठरवून करत नाही, होऊन जातं.

मॅडमच्या लक्षात आलं असावं, कारण आज त्यांनी नवीन नियम काढला. अर्ध्या तासाने माऊस बदलायचा, आणि ज्याच्याकडे माऊस नाही त्याने कशालाही हात लावायचा नाही, कीबोर्डलापण नाही, फक्त तोंडाने सांगायचं. पोरं कुरकुरली. मलाही वाटलं होतं नुसता टाइमपास होणार.

पण झालं भलतंच. माऊस आधी माझ्याकडे आला. तो सांगायला लागला, काकू ते थोडं अलीकडे घ्या, अजून थोडं, नाही नाही इतकं नाही, अरे यार. मी म्हटलं थोडं म्हणजे किती रे? त्याला सांगताच येईना. हाताला येत होतं, तोंडाला येत नव्हतं. मग मॅडम मागून म्हणाल्या, फ्रेम मोजून सांग. आमचा प्रोजेक्ट २५ फ्रेमचा आहे, म्हणजे एका सेकंदात २५ चित्रं, तर पाच फ्रेम मागे म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. त्यानंतर तो नीट बोलायला लागला, प्लेहेड (टाइमलाइनवरची ती सरकणारी उभी रेघ) पाच फ्रेम मागे, इथे कट, आवाज तसाच ठेवा फक्त चित्र कापा. आणि तसं केल्यावर खरंच, माणूस दिसायच्या आधी त्याचा आवाज ऐकू आला आणि तो सीन एकदम सिनेमासारखा वाटायला लागला. हे मी प्रोजेक्टरवर पाहिलेलं होतं, पण आज ते माझ्या बोटांनी झालं.

मटेरियल आमचं मारबतीचं आहे. नागपूरबाहेरच्यांसाठी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इकडे पोरं लाकडी बैल घेऊन फिरतात आणि तिकडे महाल-इतवारीतून काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईचे मोठे पुतळे, त्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे, तेही पुतळेच, त्यावर त्या वर्षी ज्याच्या नावाने लोक वैतागलेले असतील त्याच्या पाट्या, महागाई, खड्डे, पुढारी, काही सुटत नाही. एकोणिसाव्या शतकापासूनची प्रथा. आमच्या ग्रुपच्या पोरांनी सगळं फोनवर शूट केलं, गर्दीत घुसून, घामाघूम होऊन.

चित्र झकास आहे पण आवाजाची पार वाट लागलेली. ढोल आणि डीजे इतका जवळ की वेव्हफॉर्म, म्हणजे स्क्रीनवर दिसणारा आवाजाचा आलेख, वरून खालून सपाट, करवतीने कापल्यासारखा. मी विचारलं आवाज कमी केला तर सुधारेल ना, तर मॅडम म्हणाल्या नाही, डिजिटलमध्ये शून्य डेसिबल ही छत आहे, त्याच्यावर जे गेलं ते रेकॉर्डच झालं नाही, मग कमी करून काय, फुटलेलंच हळू ऐकू येईल. म्हणून रेकॉर्ड करताना सगळ्यात मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या आसपास राहील असं बघायचं. आता ढोलाचा आवाज एका पोराच्या फोनमधून घेतला, तो मागे एका घराच्या गॅलरीत उभा होता, त्याचा स्वच्छ आहे. चित्र गर्दीतलं, आवाज गॅलरीतला. बघणाऱ्याला कळणारसुद्धा नाही.

दुसरी भानगड अजून भारी. एका लांब क्लिपमध्ये सुरुवातीला सगळं बरोबर, आणि शेवटी शेवटी टिपरू ढोलावर पडतं आणि धम्म आवाज नंतर येतो. आम्ही दोघं वेड्यासारखे क्लिप मागेपुढे सरकवून राहिलो, सुरुवात जुळवली की शेवट बिघडतो, शेवट जुळवला की सुरुवात. कारण असं निघालं की फोन एकसारख्या वेगाने फ्रेम घेतच नाही, उजेड कमी झाला, गल्लीत सावली आली की फ्रेम कमी करतो, आणि एडिटिंगवालं सॉफ्टवेअर धरून चालतं की सगळं एकसारखं आहे. मग हँडब्रेक नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमधून ती क्लिप आधी कॉन्स्टंट फ्रेम रेटला, म्हणजे एकसारख्या वेगाला, काढली आणि मग लावली, जुळली. त्या अर्ध्या तासात माऊस त्याच्याकडे होता आणि मी सांगत होते, आणि खरं सांगते, बघून बघून जे डोक्यात शिरलं नसतं ते सांगताना शिरलं, कारण चूक काय आहे हे शब्दात मांडल्याशिवाय तो हात हलवायला तयारच नव्हता. नियम म्हणजे नियम, म्हणे.

मग आली सबटायटल. इथे मात्र मी राणी.

एका आजीची मुलाखत आहे, ती ठसक्यात सांगते, इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत. पोरांना तिचं बोलणं मराठीत टाइप करायचं तर फोनवर टाइप करणार, स्वतःलाच व्हॉट्सॲप करणार, मग कॉम्प्युटरवर उघडून कॉपी करणार. मी गव्हर्नमेंटची मराठी टायपिंगची, मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा दिलेली बाई, माझा जीव वरखाली होत होता. पण माऊस-कीबोर्ड त्याच्याकडे होता. मी हात मांडीखाली दाबून बसले आणि सांगितलं, अर्धा म असा काढ, रफार असा दे. एक ओळ टाइप करायला त्याला इतका वेळ लागला की तेवढ्यात मी पत्रिका सेट केली असती. पण आली त्याला. शेवटी म्हणतो, काकू हे तर भारी आहे, काऊन नाही शिकवत आम्हाले कॉलेजात.

वेलांट्या मात्र टाइप करूनही स्क्रीनवर भलतीकडे पडत होत्या आणि जोडाक्षरं तुटत होती. हे मला माहीत होतं, दुकानात जुन्या फॉन्टची फाइल दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की असाच इंग्रजी अक्षरांचा काला होतो, त्याला युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल असं, करून घ्यावं लागतं. इथे मात्र मजकूर युनिकोडच होता तरी तुटत होता, ते प्रिमिअरच्या, म्हणजे आमच्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्ये टेक्स्ट इंजिन साऊथ एशियन केल्यावर जागेवर आलं. फॉन्ट मुक्ता लावला, जाड आहे, फोनवर वाचता येतो, आणि फुकट. एका वेळी दोन ओळींच्या वर जायचं नाही, नाहीतर माणूस वाचतच बसतो आणि आजीचा चेहरा राहून जातो.

या क्लासांच्या जाहिरातीत सॉफ्टवेअरची नावं एकाखाली एक लिहिलेली असतात, दहा-बारा, शेवटी सर्टिफिकेट. कोणी हे लिहीत नाही की आठवड्याला किती वेळ माऊस तुमच्या हातात असेल. मी आता कोणाला विचारायला गेले तर पहिला प्रश्न हाच विचारेन. एका मशीनवर दोघं असणं मला आता तितकं वाईट वाटत नाही, कानाच्या कामाला तर दोघंच बरे, हेडफोनला स्प्लिटर लावून ऐकलं की एकाला जे खटकत नाही ते दुसऱ्याला खटकतं. फक्त बदली व्हायला पाहिजे, आणि ती आपणहून होत नाही, कोणीतरी घड्याळ लावून करावी लागते.

एक्स्पोर्ट, म्हणजे तयार झालेली व्हिडिओ फाइल, पेनड्राइव्हवर जाईना म्हणून शेवटी थोडी धावपळ झाली, पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट होता आणि त्यावर ४ जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही. एक्सफॅट करून घेतला, आधी त्यातले गिऱ्हाइकांचे फोटो हलवून.

आता राहिला निवेदनाचा आवाज, तो माझा घ्यायचा ठरलंय, पोरं म्हणतात काकू तुमचा आवाज रेडिओसारखा आहे, मस्का आहे पण चालेल. पुढच्या शनिवारपर्यंत रेकॉर्ड करून न्यायचंय. दुकानात फ्लेक्सची मशीन चालू असते, गणपतीचे बॅनर संपले तर आता महाप्रसादाचे सुरू झालेत, आणि घरासमोरच मंडळाचा स्पीकर. तो रात्री दहाला बंद होतो, त्यानंतर आतल्या खोलीत पंखा बंद करून, अंगावर गोधडी घेऊन, फोन पुढ्यात ठेवून करावं लागेल. आधी दहा सेकंद नुसत्या खोलीचा आवाज घ्यायचा, म्हणजे ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज काढताना नमुना मिळतो. नवऱ्याला सांगून ठेवलंय की त्या वेळेत घोरायचं नाही.