दिगू आधी, हिंदूराव नंतर

निळू फुले म्हटलं की दहातल्या नऊ जणांच्या तोंडून आधी नक्कलच बाहेर पडते. तिरकी मान, घोगरा आवाज आणि ते वाड्यावरचं आमंत्रण. मित्रमंडळींनी जमून निळूभाऊंच्या चित्रपटांची एक रात्र करायची तर खरी मारामारी त्या नकलेशी असते. ती पडद्यावरच्या माणसाआधी दारातून आत येते आणि खुर्ची पकडून बसते.

म्हणून सगळा डाव क्रमाचा. बरेच जण उत्साहात ‘सामना’पासून सुरुवात करतात, जेवणानंतर ‘सिंहासन’ लावतात आणि साडेअकराला निम्मी मंडळी घोरताना पाहतात. दोष चित्रपटाचा नाही. ‘सिंहासन’मध्ये मंत्री, त्यांचे हस्तक, कामगार पुढारी, स्मगलर अशी माणसांची नुसती रीघ आहे. कोण कोणाच्या गटातला हे पहिल्या अर्ध्या तासात डोक्यात बसलं नाही तर पुढचं सगळं धुक्यात जातं. तो ताज्या डोक्याने, संध्याकाळी सहाला पाहायचा. ‘सामना’ जेवणानंतरही तगतो, कारण तिथे मुख्य झुंज दोघांचीच: साखरसम्राट हिंदूराव धोंडे पाटील (निळूभाऊ) आणि मास्तर. ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा प्रश्न कोणाला झोपू देत नाही.

या क्रमाचा दुसरा फायदा जास्त मोलाचा. 1979च्या ‘सिंहासन’मधला निळूभाऊंचा दिगू टिपणीस हा पत्रकार. त्याच्या हातात सत्ता नाही, चाबूक नाही, वाडा तर नाहीच. तो ऐकतो, बघतो, साठवत जातो. नक्कल घेऊन आलेला प्रेक्षक तासभर ‘आता हा दात दाखवेल’ म्हणून वाट बघतो आणि तसं काही घडत नाही. शेवटी दिगू वेड्यासारखा हसतो, तोवर नक्कल खोलीतून निघून गेलेली असते. मग रात्री हिंदूराव आला की तो नुसता खलनायक राहत नाही, माणूस म्हणून दिसतो.

एक अडचण मात्र आधीच ओळखून ठेवावी. दोन्ही चित्रपट जब्बार पटेलांचे, पटकथा दोन्हीकडे विजय तेंडुलकरांची आणि दोन्हीकडे समोर डॉ. श्रीराम लागू. भर म्हणून ‘पिंजरा’ घ्यावा तर तिथेही लागूच. गप्पा लागूंकडे घसरायला वेळ लागत नाही. त्यांची रात्र वेगळी करू, असं सुरुवातीलाच जाहीर करून टाकावं. मधल्या वेळात दहा-पंधरा मिनिटं ‘सारांश’मधला गजानन चित्रे दाखवावा. 1984चा हिंदी चित्रपट, पुढारी मुंबईचा. गावच्या पाटलाची मग्रुरी शहरात येऊन कशी कपडे बदलते ते दिसतं. प्रास्ताविक दोन मिनिटांत आटपायचं: राष्ट्र सेवा दलाचं कलापथक, पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयातलं माळीकाम, 1972च्या ‘सखाराम बाइंडर’ नाटकातला सखाराम. बस्स. भाषण लांबलं की लोक मोबाइल काढतात.

आता चेहऱ्याकडे. जुन्या प्रती बहुधा 4:3 आकाराच्या असतात आणि टीव्ही 16:9चा. पडदा भरावा म्हणून कोणीतरी चित्र ताणतं आणि माणूस एक तृतीयांश जास्त रुंद होतो. निळूभाऊंचे बसलेले गाल असे फुगतात की पाटील आजारातून उठून सासुरवाडीला राहून आल्यासारखा दिसतो. उलट, कापून भरलं तर उंचीचा चौथा भाग जातो आणि फेट्यांची टोकं उडतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात. संगणकावर चित्रपट चालवणाऱ्या व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘ए’ दाबत गेलं की आकार बदलतो.

प्रोजेक्टर असेल तर शंभर इंची चित्रासाठी साधारण तीन मीटर अंतर धरा. चादर टांगणार असाल तर मागे गडद सोलापुरी चादर लावा, नाहीतर निम्मा उजेड आरपार जातो. पंख्याचा वारा चादरीवर आला तर मंत्रिमंडळ हलायला लागतं (विषयाला धरून असलं तरी पाहवत नाही). चित्र वर तिरकं जात असेल तर मशीनमधली चित्र सरळ करणारी दुरुस्ती वापरण्यापेक्षा प्रोजेक्टरच पाटावर उंच ठेवा. त्या दुरुस्तीत रेषा बोथट होतात.

आवाजावर सगळ्यात जास्त घोळ होतो. ब्लूटूथ स्पीकरवर संवाद ओठांच्या मागे पडतो. निळूभाऊंचं निम्मं काम वाक्याआधीच्या थांब्यात आहे, तोच बिघडतो. साधी वायर लावा. नसेलच, तर व्हीएलसीत ‘जे’ आणि ‘के’ने आवाज पन्नास-पन्नास मिलिसेकंद सरकवता येतो. वायरची पिन अर्धवट बसली तर आणखी गंमत: डाव्या-उजव्या बाजूला सारखाच असलेला आवाज एकमेकांना खोडतो आणि या जुन्या चित्रपटांत तर तो सगळाच सारखा. स्पीकर बिघडला म्हणून खटपट सुरू होण्याआधी पिन कट् आवाज येईपर्यंत दाबून बघावी.

खाणं बिनआवाजी हवं. चिवडा आणि कुरकुरीत वेफर्स जेवणाच्या सुट्टीत. ढोकळा, इडली, शेंगदाण्याची उसळ अंधारात चालते. मिसळ नको, तर्री गादीवर सांडते. भेळ करायची तर माणशी पन्नास ग्रॅम चुरमुरे धरा, पण चटणी सुट्टी झाल्यावरच घाला, दहा मिनिटांत लगदा होतो.

शेवटचं काम सहाच्या आधीच उरकून ठेवा: ऑटोप्ले बंद करा. नाहीतर ‘सामना’ची शेवटची पाटी जाते न जाते तोच, खोलीत सगळे गप्प असताना, पाच सेकंदांत कुठल्यातरी लग्नाच्या विनोदी चित्रपटाची वरात ढोल वाजवत घुसते.