शेवटच्या सायकलीच्या वेगानं सातारा ते सांगली

सपोर्ट गाडी असलेली सायकल टूर ठरली की पहिली चौकशी सायकलींची सुरू होते. कुठली घ्यायची, किती गिअरची, टायर जाड की बारीक. बायकांची टूर मात्र सायकलीमुळे क्वचितच मोडते. ती मोडते पाणी, बाथरूम आणि मागं राहिलेलीची सोय नीट न लावल्यामुळे. म्हणून आखणी करताना ग्रुपमधली सगळ्यात सावकाश चालवणारी कोण आणि ती सपाटीला ताशी किती किलोमीटर काढते, हे आधी बघावं. बाकी सगळं वेळापत्रक तिच्यावरून बसवावं. ती ताशी १३ काढत असेल तर ६० किलोमीटरला नुसती चाकं फिरायलाच साडेचार तासांच्या वर लागतात. नाश्ता, थांबे, एखादं पंक्चर धरलं की साडेसहा तास. थंडीत उजेड पडताना पावणेसातला निघालं तर मुक्कामाला सव्वा वाजतो. हा हिशोब कागदावर मांडला की रोज ९० किलोमीटर काढायचा उत्साह आपोआप आवरतो.

रस्ता महामार्गाचा घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. कऱ्हाडवरून सांगली जवळ पडते हे खरं, पण कंटेनर आणि बसच्या वाऱ्यात नवखी बाई सहा-सात तास हँडल आवळून बसते आणि पहिल्याच संध्याकाळी तिचे खांदे धरतात. त्यापेक्षा आतली वाट चांगली. क्षेत्र माहुलीला कृष्णा ओलांडून कोरेगाव, रहिमतपूर आणि औंध, तिथून पुसेसावळी, कडेगाव, विटा, आणि शेवटी तासगाववरून सांगली. सगळं मिळून दीडशेच्या पुढं जातं. औंध आणि विटा असे दोन मुक्काम केले की दिवसाला ५० ते ६० किलोमीटर येतात. यवतेश्वर किंवा पसरणीसारखा घाट या वाटेवर नाही, चढउतार मात्र आहेत. औंधला दुपारी पोचलं तर जेवून, पाय पसरून झाल्यावर १९३८ साली उघडलेलं श्री भवानी संग्रहालय बघायलाही वेळ राहतो. डोंगरावरच्या यमाईच्या देवळाच्या पायऱ्या ज्यांना चढायच्या त्यांनी चढाव्यात, पण दुसऱ्या दिवशी गुडघे लागणार आहेत हे लक्षात ठेवून.

आधी गाडीनं रेकी, म्हणजे वाटेची आणि थांब्यांची पाहणी करावी, आणि त्या गाडीत निदान दोन बाया हव्यात. पुरुष रेकी करून येतो तेव्हा "पंप आहे, बाथरूम आहे" एवढंच सांगतो. बाईनं आत जाऊन दार लावून बघायचं असतं. कडी बसते का, आत उजेड आहे का, नळाला पाणी आहे का, मुख्य म्हणजे कुलूप असेल तर किल्ली कुणाकडं असते आणि तो माणूस सकाळी आठला हजर असतो का. पेट्रोल पंप, बरी हॉटेलं, देवस्थानं, ओळखीच्यांची घरं अशी जागांची यादी दर १५ ते २० किलोमीटरला एक या बेतानं करा. जिथं एवढ्या अंतरात काहीच नाही तिथं गाडीतला तंबू लागतो. उभ्यानं उघडणारा कपडे बदलायचा तंबू बाजारात मिळतो. नसेल तर चार बांबू आणि दोन जाड चादरी. सोबत खुरपं ठेवा, वीतभर खोल खड्डा काढा आणि वापर झाला की माती लोटा. पॅड मात्र पुरायचं नाही. कागदात गुंडाळून झिपच्या पिशवीत टाकायचं आणि मुक्कामाला कचऱ्यात द्यायचं.

या गोष्टीवर इतकं लिहायचं कारण साधं आहे. पुढं सोय असेल की नाही याची खात्री नसली की बाई पाणी प्यायचंच टाळते. मग दहा-अकराच्या सुमाराला डोकं धरतं, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ सुरू होते. त्यावर बाटली पुढं करून "पाणी पी गं" म्हणण्याचा काही उपयोग नसतो. पुढचा थांबा किती किलोमीटरवर आहे आणि तिथं कडी लागते, हे निघतानाच सांगितलं की ती आपणहून पिते.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरावं. पंधरा जणी, पाच तास, म्हणजे ४५ लिटरच्या आसपास. गाडीत २० लिटरचे तीन जार प्यायला आणि वापरायच्या पाण्याचा एक कॅन वेगळा. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं पाकीट ओतलं की द्रावण दुप्पट घट्ट होतं, मळमळतं, आणि मग "मला ओआरएस सोसत नाही" असा समज पक्का होतो. खाणं भूक लागायची वाट न बघता पाऊण तासाला थोडं थोडं. केळं, खजूर, शेंगदाण्याचा लाडू, राजगिऱ्याची चिक्की. गोड खाऊन तोंडाला मिठी बसली की भडंग काढा. सांगलीच्या वाटेवर त्याला तोटा नाही, आणि घामातून गेलेलं मीठही भरून येतं. वडापाव आणि मिसळ मुक्कामाला पोचल्यावर.

तयारी दोन महिने आधी सुरू व्हावी. पहिलं काम हिमोग्लोबिन तपासणं. ते १२ च्या खाली असेल तर आधी डॉक्टर, मग सराव. नाहीतर सराव वाढवला तरी दम लागतच राहतो आणि बाई स्वतःला आळशी समजत बसते. आठवड्यातून तीन दिवस सायकल, त्यातली एक लांबची, आणि लांबची दर आठवड्याला थोडी थोडी वाढवत न्यायची. टूरआधी एकदा तरी लागोपाठ दोन दिवस ४०-४५ किलोमीटर चालवून बघा. एका दिवसाचं अंतर बहुतेकींना जमतं, खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी सीटवर बसताना होते.

सीटचा त्रास पॅडच्या, म्हणजे आतून गादी शिवलेल्या सायकलिंगच्या पँटनं बराच कमी होतो, फक्त तिच्या आत दुसरं काही घालायचं नाही. आतल्या कपड्याची शिवण घामानं घासते आणि तिथंच कातडी सोलवटते. निघताना पेट्रोलियम जेली लावा. अशा पॅडच्या पँट दोन तरी हव्यात. मुक्कामाला धुतलेली थंडीत सकाळपर्यंत वाळेलच असं नाही, आणि ओली घालून बसण्यासारखी वाईट गोष्ट नाही. सीट मऊ गादीची घेण्याचा मोह टाळा. बसायची हाडं टेकतील एवढी रुंद आणि मधे खाच असलेली घट्ट सीट लांब पल्ल्याला बरी. पुढं दाब येत असेल तर सीटचं टोक किंचित खाली करा, जास्त केलंत तर सगळं वजन मनगटांवर जाऊन बोटं बधिर होतात. गुडघा समोरून दुखला तर सीट खाली आहे किंवा गिअर जड आहे. मागून दुखला तर सीट वर गेली आहे.

ब्रेकचं लिव्हर हे बायकांच्या सायकलीवर सगळ्यात दुर्लक्षित राहतं. सायकल दुकानातून येते ती मोठ्या पंजाला बेतलेली. लहान हाताची बाई लिव्हर बोटांच्या टोकांनी ओढते, उतारावर दहा मिनिटांत पंजा थकतो आणि मग ती भिऊन सतत ब्रेक धरून ठेवते. बहुतेक लिव्हरला हँडलच्या बाजूनं एक बारीक स्क्रू असतो. तो ॲलन कीनं किंवा स्क्रू ड्रायव्हरनं हळूहळू आत घेतला की लिव्हर हँडलजवळ येतं. तर्जनी आणि मधल्या बोटाचं पहिलं पेर लिव्हरवर आरामात टेकलं पाहिजे. नंतर ब्रेक पूर्ण दाबून लिव्हर हँडलला भिडत नाही ना हे बघा. भिडत असेल आणि ब्रेक केबलचा असेल तर केबल ताणून घ्या.

ओढणी, सलवारीचा घेर, लेगिंगवरचा लांब कुर्ता, सगळं चेन आणि मागच्या चाकाच्या वाटेतून बाजूला हवं. मंगळसूत्र टी-शर्टच्या आत, वेणी वर बांधलेली.

या भागात रस्ता चांगला असला तरी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे नेमकं सायकलीचं हवामान, हाच उसाचा हंगाम. ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या असतात. ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली पुढं गेली की सुटलो असं वाटून बाई रस्त्यावर परत येते, आणि दुसरी ट्रॉली मागून येतच असते. वळणावर ती आतल्या बाजूला सरकते, कडेनं बाहेर आलेले ऊस खांद्याच्या उंचीवर असतात. दोन्ही ट्रॉल्या गेल्याशिवाय साईडपट्टी सोडायची नाही. चढावर भरलेल्या ट्रॉलीच्या मागं चिकटून जाऊ नका, २०-२५ मीटर अंतर ठेवा. रस्त्यावर पडलेला ऊस चाकाखाली लाटण्यासारखा फिरतो. तो सरळ काटकोनात, ब्रेक न लावता ओलांडा. अंधारात रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली दिसतच नाही, म्हणून उजेड असतानाच मुक्काम गाठायचा. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा.

चालवायचं पाच-सहा जणींच्या तुकड्यांत, एकेरी रांगेत, दोन तुकड्यांत शंभरेक मीटर जागा सोडून, म्हणजे एसटीला टप्प्याटप्प्यानं पुढं जाता येतं. पुढचीनं "खड्डा", "थांबते" असं ओरडायचं, शेवटचीनं "गाडी मागं". फाट्यावर एक जण थांबून राहील, शेवटची सायकल वळेपर्यंत ती हलणार नाही. सगळ्यांच्या मागं एक अनुभवी बाई फोन, ट्यूब आणि प्रथमोपचाराची पिशवी घेऊन. गाडीनं तिच्या मागं रांगत यायचं नाही. अरुंद रस्त्यावर त्यानं मागची वाहनं तुंबतात आणि हॉर्नचा सगळा मारा शेवटच्या सायकलवर होतो. गाडी चार-पाच किलोमीटर पुढं जाऊन सावलीत उभी राहावी, शेवटची पुढं गेली की परत पुढं जावी. ड्रायव्हरला दोन गोष्टी आधीच सांगा. सायकलींच्या मागं हॉर्न नको, आणि "ताई, बसा आता गाडीत" हे नको. गाडीत कोणाला कधी घ्यायचं हे टूर चालवणारी ठरवेल, घड्याळ बघून, आणि तो नियम आदल्या रात्री सगळ्यांना सांगितलेला असेल. गाडीत एक बाई हवीच. पाळी अचानक आली किंवा कोणी पडली तर सायकलवाली ते ड्रायव्हरला सांगणार नाही. ॲम्ब्युलन्सचा १०८ आणि पोलिसांचा ११२ प्रत्येकीच्या फोनमध्ये सेव्ह.

पंक्चर औंधच्या पुढच्या माळावर जास्त अपेक्षित धरा. सराटे आणि वेडी बाभळ. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून कापूस फिरवा, काटा असेल तिथं तो अडकतो. बोट फिरवलंत तर बोटात जातो. काटा न काढता नवी ट्यूब टाकली की दोन किलोमीटरवर पुन्हा बसते. ट्यूबवर शेजारी शेजारी दोन बारीक भोकं दिसली तर काटा नाही, हवा कमी होती. जाड टायरच्या हायब्रीडला (रोड आणि डोंगरी सायकलीच्या मधला प्रकार) ५० ते ६५ पीएसआय (पंपावरचा हवेच्या दाबाचा आकडा) आणि एमटीबीला, म्हणजे डोंगरी सायकलीला ३५ ते ५० रोज सकाळी भरून निघा. प्रत्येकीजवळ तिच्या मापाची एक ट्यूब, गाडीत प्रत्येक मापाच्या दोन-तीन जास्त, शिवाय उभा पंप, चेन तोडायचं टूल, चेन जोडायची क्विक लिंक, गिअर आणि ब्रेकच्या केबल, ब्रेकपॅड.

सायकली टेम्पोत आडव्या रचू नका. मागचं डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) ज्या पट्टीला लटकतं तो हँगर मऊ असतो, मुद्दामच, म्हणजे फ्रेमऐवजी तो वाकावा. वरच्या सायकलीचं पेडल त्यावर दाबलं की तो आत झुकतो, वरवर काही कळत नाही. मग पहिल्या चढाला सगळ्यात मोठ्या चक्रावर गिअर टाकला की डिरेलर स्पोकमध्ये जातं आणि चाक, डिरेलर दोन्ही संपतात. सायकली उभ्या ठेवा, चेनची बाजू एकमेकींकडं नको, मधे गोधड्या किंवा पुठ्ठे. उतरवल्यावर मागं उकिडवं बसून बघा, डिरेलरची दोन्ही छोटी चाकं वरच्या चक्राच्या रेषेत सरळ खाली दिसली पाहिजेत. चाक वर उचलून पेडल हातानं फिरवत गिअर सावकाश सगळ्यात मोठ्या चक्रापर्यंत नेऊन बघा. सांगलीहून परतीला सगळ्या दमलेल्या असतात आणि सायकली कशाही चढवल्या जातात, म्हणून ही तपासणी साताऱ्यात टेम्पो रिकामा होतानाच करा, सायकल घरी नेण्याआधी.