भिजलेलं जनरल रजिस्टर आणि आमची शाळा

शाळेची सगळी महत्त्वाची कागदपत्रं लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात होती. वरच्या खणांत तक्ते, चित्रं आणि केंद्रस्तरीय स्पर्धांच्या ढाली. जड रजिस्टरं खाली, हलकं सामान वर, एवढाच विचार कुणीतरी कधीतरी केला असेल. मांडणी माझ्या आधीची होती, पण प्रभारी मुख्याध्यापक म्हणून दोन वर्षं किल्ली माझ्याकडे होती आणि ती बदलावी असं मला सुचलं नाही. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर नदीचं पाणी शाळेत शिरलं, ते खालचा खण बुडवून थांबलं. ढाली कोरड्या राहिल्या.

आमचं गाव चाळीसगाव तालुक्यात, नदीच्या काठावर. जिल्हा परिषदेची पहिली ते सातवीची शाळा, आम्ही चार शिक्षक. ३० ऑगस्टला गोकुळाष्टमी होती. त्या रात्री डोंगराकडे असा पाऊस झाला की कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला आणि तितूर व डोंगरी या दोन्ही नद्या एकाच वेळी फुगल्या. चाळीसगाव शहरातही पाणी घुसलं. मी शहरात राहते, माझं घर उंचावर असल्यामुळे वाचलं. गावाकडचा पूल पाण्याखाली होता, त्यामुळे मला शाळेत पोचायला १ सप्टेंबरची दुपार उजाडली.

कोरोनामुळे दीड वर्ष शाळा जवळपास बंदच होती. मार्च २०२० मध्ये कुलूप लागलं, तेव्हापासून आम्ही ओट्यावर, मारुतीच्या पारावर, कुणाच्या खळ्यात पाच-सात मुलं बसवून शिकवत होतो. ज्यांच्या घरी फोन होता त्यांना अभ्यास पाठवत होतो. जुलैपासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम, म्हणजे मागच्या इयत्तेची उजळणी, चालवला होता. त्यामुळे पुराच्या वेळी वर्गात एकही मूल नव्हतं, ही देवाची कृपाच. पण वर्ग उघडले तेव्हा आत गुडघ्याच्या खालपर्यंत गाळ होता, बाकं एकमेकांवर चढून बसली होती, आणि पहिलीच्या वर्गातल्या फळ्यावर मार्च २०२० ची तारीख तशीच होती. ती तारीख कुणी पुसली नव्हती. पाणी तिच्या बरंच खाली थांबलं होतं.

आधी पंचनामा, मग साफसफाई, हा क्रम मी फोनवरच केंद्रप्रमुखांकडून समजून घेतला होता. हे महत्त्वाचं आहे, म्हणून सांगते: गाळ काढायची घाई करू नका. आधी सगळ्या खोल्यांचे फोटो, भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेसकट. मग तलाठी, ग्रामसेवक, सरपंच आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष यांच्या समोर जडवस्तू नोंदवहीप्रमाणे, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाच्या वहीप्रमाणे, एकेक वस्तूची यादी. आमची जडवस्तू नोंदवहीच भिजली होती, म्हणून आठवणीतून यादी केली आणि प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पोषण आहाराची तांदळाची पोती फुगून फाटली होती. गावातल्या दोन बाया म्हणाल्या, धुऊन वाळवला तर कोंबड्यांना तरी होईल. मन मानत नव्हतं, पण त्या पाण्यात मेलेली जनावरं वाहून आली होती. वेगळा पंचनामा करून तांदूळ खड्ड्यात पुरला. अन्न मातीत घालताना त्या दोघी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

कपाट उघडलं ते दुसऱ्या दिवशी, कारण कुलूप गाळानं बसलं होतं. जनरल रजिस्टरचे खंड एकमेकांना चिकटून त्यांची एक वीट झाली होती.

शिक्षक नसलेल्यांना कदाचित कळणार नाही, म्हणून सांगते. शाळेतलं बाकी सगळं परत मिळतं. बाकं मिळतात, पुस्तकं मिळतात. जनरल रजिस्टर दुसरं मिळत नाही. शाळेत नाव घातलेल्या गावातल्या प्रत्येक माणसाची जन्मतारीख, जात, जन्मगाव, कधी शाळेत आला, कधी सोडली, हे तिथं एका ओळीत असतं. जातीचा दाखला काढायचा तर पुरावा ठरलेल्या तारखेच्या आधीचा लागतो: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७. आमच्या गावात मराठा आहेत, माळी आहेत, भिल्ल आहेत, शेजारी बंजाऱ्यांचा तांडा आहे. यातल्या बहुतेक घरांत त्या तारखांच्या आधीचा एकच सरकारी कागद आहे, आणि तो म्हणजे आजोबांची शाळेतली नोंद. नातवाचं इंजिनिअरिंगचं अॅडमिशन, नातीची शिष्यवृत्ती त्या एका ओळीवर उभी असते.

मी एका कार्यालयात फोन केला. तिकडून उत्तर आलं, "नष्ट झालं असं लिहून द्या आणि नवीन रजिस्टर सुरू करा." मी काही बोलले नाही, पण लिहून दिलं नाही.

वाचवायचं कसं, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचा भाचा ग्रंथालयात कामाला होता. त्याच्याकडून चार गोष्टी समजल्या. ओली पानं ओढून सोडवायची नाहीत. उन्हात ठेवायचं नाही, पानं वाकडी होतात आणि शाई उडते. गाळ ओला असताना पुसायचा नाही, वाळल्यावर मऊ ब्रशनं झाडायचा. आणि पानांच्या मध्ये पाणी शोषेल असं काहीतरी घालून ते सारखं बदलत राहायचं. वर्तमानपत्र चालेल का विचारलं तर तो म्हणाला, छापील शाई उतरेल, कोरं काहीतरी बघा.

गावात कोरडा कागद कुठून आणायचा? खालच्या आळीत घरांत पाणी गेलेलं. शेवटी वरच्या आळीतल्या बायांनी जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी आणि धोतरं आणून दिली. त्यांचे पानाच्या मापाचे तुकडे केले. समाजमंदिरात चार बाजा टाकल्या, त्यांवर रजिस्टरं उघडी ठेवली. वीज आठवडाभर नव्हती, म्हणून पोरं पाळीपाळीनं पुठ्ठ्यांनी वारा घालायची. तुकडे भिजले की काढायचे, दोरीवर वाळत घालायचे, दुसरे घालायचे. सुटेल तेवढंच पान सोडवायचं. एका बैठकीत मला सात-आठ पानं जमायची. आमच्यातले एक गुरुजी माझ्यापेक्षा हळू हाताचे, त्यांना जास्त जमायची.

एका गोष्टीचं मला अजून नवल वाटतं. सगळ्यात जुनी पानं सगळ्यात चांगली निघाली. दौत-टाकानं लिहिलेली, काळपट तपकिरी झालेली ती शाई पाण्यानं हललीच नव्हती. त्यातल्या सुरुवातीच्या काही नोंदी मोडीत आहेत, मला वाचता येत नाहीत, पण एकेक वळण स्पष्ट होतं. बॉलपेनच्या नोंदीही टिकल्या. फुटल्या त्या मधल्या काळातल्या, निळ्या शाईच्या पेनानं लिहिलेल्या. कागदावर निळे ढग आणि त्यात कुठेतरी एखादा काना, एखादी वेलांटी.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारे बाबा बाजेपाशी येऊन उभे राहिले. चिखलानं पाय माखलेले, दोन म्हशी वाहून गेलेल्या. म्हणाले, "मना बापनं नाव शे का त्यामा?" मी वडिलांचं नाव विचारलं, अंदाजे वर्ष काढलं आणि तासाभरानं ते पान सापडलं. वाचून दाखवलं. बाबांनी हात पुसला, पण पानाला लावला नाही. नुसते बघत राहिले.

त्या संध्याकाळी दहा-बारा माणसं आली. दुसऱ्या दिवशी बायाही. कुणी आपलं, कुणी बापाचं, कुणी वाहून गेलेल्या घरात आयुष्य काढलेल्या आजाचं नाव विचारत होतं. रजिस्टरात शेवटचे रकाने असतात: प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण. मी तेही वाचायला लागले. 'प्रगती बरी, वर्तणूक चांगली.' सत्तरीतली एक आजी, ती दुसरीतूनच शाळेबाहेर पडलेली. कारणाच्या रकान्यात 'घरकाम' लिहिलेलं. पण वर्तणूक चांगली होती. तिनं मला ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "मनं बी नाव व्हतं म्हणजे." आणि तिथंच बसून तुकडे पिळायला लागली, रोज यायची.

६ सप्टेंबरला पोळा होता. गावात त्या वर्षी पोळा फुटला नाही. ज्यांचे बैल वाचले त्यांनीही शिंगं रंगवली नाहीत, शेजाऱ्याच्या रिकाम्या गोठ्यासमोरून मिरवायचं कसं? मुलांनी गाळाचे बैल करून समाजमंदिराच्या पायरीवर ओळीनं ठेवले. त्याविषयी मी जास्त लिहू शकत नाही.

रजिस्टरं वाळायला जवळपास महिना गेला, कारण सप्टेंबरातही पाऊस थांबला नाही. मग फुटलेल्या नोंदींचं काम. हे मात्र नेटानं करायचं होतं. ज्या ओळी वाचता येत नव्हत्या, त्यांची वेगळी यादी केली आणि गावात दवंडी दिली: ज्यांच्याकडे शाळा सोडल्याचा जुना दाखला, त्याची झेरॉक्स, जातीचा दाखला काही असेल त्यांनी आणावं. प्लास्टिकच्या पिशव्यांत घड्या घातलेले कागद आले. हायस्कूलच्या रजिस्टरातूनही, जिथं आमची मुलं पुढं गेली, बऱ्याच नोंदी मिळाल्या. मूळ पानावर एक अक्षरही गिरवलं नाही. वेगळ्या वहीत नोंद, समोर पुराव्याचा उल्लेख, आणि विस्तार अधिकाऱ्यांची तपासून सही. ज्यांचा पुरावा मिळाला नाही त्या ओळी कोऱ्या आहेत. मी त्या अंदाजानं भरल्या नाहीत, जरी दोन घरांनी खूप गळ घातली. पुढे २०२३ मध्ये राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणारा माणूस आमच्याकडे आला आणि पाण्याची तपकिरी रेघ ओलांडून गेलेली ती पहिली पानं त्यानं न अडखळता वाचली. तेव्हा वाटलं, बरं झालं लिहून दिलं नाही.

४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग उघडले. भिंतींना ओल, पण वर्ग स्वच्छ होते. गाळ गावानं काढला होता, चुना तरुण मंडळानं मारला होता. पहिली ते चौथीला १ डिसेंबर उजाडला. आणि इथं एक गोष्ट जीवाला लागली. दिवाळी झाली की तांड्यावरची कुटुंबं ऊसतोडीला जातात. पूर आल्यावर त्या वर्षी जास्तच गेली, उचल घेऊन घरं उभी करायची होती. म्हणजे पावणेदोन वर्षांनी लहानांची शाळा उघडली, तेव्हा तांड्यावरची निम्मी मुलं गावातच नव्हती. जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून त्यांना शिक्षण हमी कार्डं दिली होती. आठ मुलांना आजी-आजोबांकडे ठेवून घ्यायला घरोघरी जाऊन विनवलं, पाच राहिली.

दुसरीचा वर्ग तर मी आयुष्यभर विसरणार नाही. जून २०२० ला पहिलीत नाव घातलेली ही मुलं शाळेत पहिल्यांदा पाय ठेवत होती ती थेट दुसरीत. घंटा झाली की दचकायची. पाणी प्यायला विचारून जायचं असतं हे ठाऊक नव्हतं. एक मुलगा तासातासानं दारात जाऊन बघून यायचा, घर आहे ना अजून. त्याला मी कधी रागावले नाही. चौथीतली मुलंही अक्षराला अक्षर लावत होती. आम्ही इयत्ता बाजूला ठेवून अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा स्तरांनुसार गट केले, रोज दीड तास फक्त वाचन.

पण वाचायला काय द्यायचं? पुस्तकं अजून पुरेशी नव्हती. मला रजिस्टर आठवलं. प्रत्येक मुलाला त्याच्या घरातलं रजिस्टरमधलं सगळ्यात जुनं नाव एका पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. आजोबाचं, पणजोबाचं. जोडाक्षरं कठीण होती, पण नाव आपल्याच घरातलं, त्यामुळे कुणी पट्टी खाली ठेवेना. घरी जाऊन विचारून यायचे, दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचे: हा कोण, काय करायचा, कुठल्या शेतात. तांड्यावरच्या एका मुलीच्या घरातलं रजिस्टरमध्ये कुणीच नव्हतं. तिच्या पट्टीवर मी तिचंच नाव लिहिलं आणि म्हटलं, तुझ्या घरातली पहिली तू. ती पट्टी तिनं वहीला शिवून घेतली.

जानेवारीत पुन्हा शाळा बंद झाल्या, पुन्हा उघडल्या. एसटीचा संप होता, आम्ही दुचाकीवर डबलसीट येत होतो. एप्रिलमध्ये पूर्ण वेळ शाळा चालवली आणि त्याच महिन्यात नव्या पहिलीसाठी शाळापूर्व तयारीचा मेळावा झाला. ऊसतोडीहून परतलेल्या मुलांना मे महिन्यात एक गुरुजी स्वतःहून पारावर बसवत होते. त्यातल्या दोघांना आजही वाचन जड जातं. ते वर्ष सगळं भरून निघालं असं मी म्हणणार नाही.

रजिस्टरं आता भिंतीत छातीच्या उंचीवर केलेल्या सिमेंटच्या कप्प्यात आहेत. ग्रामपंचायतीनं तो करून दिला.

१५ जून २०२२ ला नवीन पहिलीचे प्रवेश झाले. तुकडे पिळणारी आजी पणतीला घेऊन आली, नवा फ्रॉक, केसांना लाल रिबन. मी बॉलपेननं ओळ भरली: नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी. आजी माझ्या बोटाकडे बघत होती. ओळीच्या शेवटाकडे बोट करून म्हणाली, "ते वर्तणूक चांगली बी लिही टाका."

मी म्हटलं, "आजी, तो रकाना शाळा सोडताना भरतात."

"मंग ऱ्हाऊ द्या कोरा," आजी म्हणाली. "घाई नही."