पेटीवर लिहिलेल्या फ्रेम माझ्या लूमवर का मिळत नाहीत?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांत लूमवर (यंत्रमागावर) तुटलेला धागा टिपणारे कॅमेरे मी बसवतो. तिथले मालक हमखास विचारतात, "कॅमेरा भारीतला घेतला, तरी फ्रेम रेट (सेकंदाला निघणारी चित्रं) इतका कमी का? वाढवायचा कसा?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगतो.

आधी उजेड बघा. एक्स्पोजर, म्हणजे एका चित्रासाठी उजेड घ्यायचा वेळ, 20 मिलिसेकंद ठेवलं, तर सेकंदाला 50 च्या वर फ्रेम निघणारच नाहीत, कॅमेरा कितीही महागाचा असो. शेडमधल्या दिव्यांवर भागवायचं म्हटलं की एक्स्पोजर वाढवावं लागतं आणि तिथेच गाडी अडते. गेन (सिग्नल वाढवून चित्र उजळ करायची सेटिंग) वाढवून वेळ मारून नेऊ नका. चित्रात दाणे येतात, मग तुटलेला धागा कुठला आणि दाणा कुठला हे सॉफ्टवेअरला कळत नाही. डीसी सप्लायवरचा एलईडी बार लावा. विजेच्या 50 हर्ट्झवर चालणारे साधे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात, त्यामुळे फ्रेम वाढल्या की एक उजळ, एक काळपट अशा येऊ लागतात.

उजेडाचं जमलं की केबल. 1280 बाय 1024 ची 8 बिट कृष्णधवल फ्रेम साधारण 1.3 एमबीची. गिगाबिट इथरनेटवरून सेकंदाला प्रत्यक्षात 115 एमबीच्या आसपास जातात, म्हणजे 88 च्या जवळपास फ्रेम. तोच कॅमेरा 12 बिटवर ठेवला आणि तो प्रत्येक पिक्सेलला दोन बाइट पाठवत असला, की निम्म्या गेल्या. आरजीबी निवडलं तर 30 सुद्धा मिळत नाहीत. धागा तुटला की नाही हे बघायला रंग कशाला हवा? यूएसबी 3 वर तिपटीहून जास्त डेटा जातो, पण लूमपासून कंट्रोल रूमपर्यंत लांब केबल न्यायची तर इथरनेटच बरं. जंबो फ्रेम (नेटवर्कवरून डेटाची मोठी पाकिटं पाठवायची सेटिंग, चित्राची फ्रेम नव्हे) मात्र सुरू करा, आणि एका स्विचवर चार कॅमेरे टांगू नका.

खरी कमाई खिडकी, म्हणजे चित्राचा जेवढा भाग कॅमेरा पाठवतो तो, लहान करण्यात आहे. रॅपियर लूम (दांड्यांनी बाणा, म्हणजे आडवा धागा, ओढून नेणारा माग) मिनिटाला 400 पिकवर, म्हणजे बाण्याच्या 400 फेऱ्यांवर, चालत असेल, तर एका पिकला 150 मिलिसेकंद मिळतात. 40 फ्रेमवर त्यात जेमतेम सहा चित्रं बसतात, आणि मधोमध एक रॅपियर दुसऱ्याकडे बाणा सोपवतो तो क्षण नेमका निसटतो. बाणा बहुतेक वेळा तिथेच सुटतो, म्हणून मला तिथलीच पट्टी हवी असते. उंची 1024 वरून 256 केली की त्याच केबलवरून साडेतीनशेपर्यंत फ्रेम जाऊ शकतात. सेन्सर (कॅमेऱ्यातली चित्र टिपणारी चिप) तेवढा चपळ हवा आणि एक्स्पोजर अडीच मिलिसेकंदांच्या आत. बऱ्याच सेन्सरमध्ये रुंदी कापून वेग वाढत नाही, उंची कापूनच वाढतो. म्हणून कॅमेरा बसवतानाच बाणा चित्रात आडवा येईल असा बसवा. नंतर ब्रॅकेट फिरवायचं म्हणजे लूम बंद ठेवायचा, आणि ते कुठल्याच मालकाला परवडत नाही.

विणून झालेलं कापड तपासायच्या टेबलासाठी मात्र हा खटाटोप नको. कापड मिनिटाला 30 मीटर सरकतंय आणि एका फ्रेममध्ये 20 सेंटीमीटर दिसतंय, तर सेकंदाला तीन-चार फ्रेम पुरतात. तिथे पैसे दिव्यावर घाला.

एवढं करूनही कमी पडलं, तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमधला 'रिझल्टिंग फ्रेम रेट' वाचा. तिथे 350 दिसतंय आणि हातात 200 पडताहेत, तर कॅमेऱ्याला हात लावू नका, पीसी तपासा. चित्रं थेट हार्ड डिस्कवर लिहीत असाल, तर आधी रॅममध्ये साठवून बघा.