तिसरीतला प्रोजेक्ट आणि आमचे बारा रिकामे चौकोन (माझा अनुभव)

प्रोजेक्ट काय होता ते आधी सांगते. तीस दिवस रोज चंद्र बघायचा आणि जसा दिसेल तसा काढायचा. बास. नोटीस वाचून मला हायसंच वाटलं, कारण याआधीचा ज्वालामुखी आणि ती पाणचक्की रात्री अकरा वाजता डिंकाने हात बरबटवून मीच केली होती आणि लेक शेजारी बसून पेंगत होती. म्हटलं यात काय एवढं, वर बघायचं आणि काढायचं.

चार्टपेपरवर तीस चौकोन आखले, कफ सिरपच्या बाटलीचं झाकण ठेवून प्रत्येकात गोल मारला. अंधाराचा भाग पेन्सिलने गिरवायचा आणि उजेडाचा कोरा ठेवायचा असं ठरलं. पहिल्या संध्याकाळी बारीक कोर दिसली. लेक म्हणाली, आई, बाकीचा चंद्र पण दिसतोय, अंधुक अंधुक. मी न बघताच म्हटलं भास होतो गं तसा, गडद काळं कर. तिने आधी हलकं गिरवलं होतं, त्यावर मी पुन्हा पेन्सिल फिरवायला लावली. नंतर वाचलं तर तो भास नव्हताच! सूर्याचा उजेड पृथ्वीवर पडतो, तिथून परतून चंद्राच्या अंधाऱ्या भागावर जातो, म्हणून तो भाग अंधुक दिसतो, आणि हे लिओनार्दो दा विंचीने पाचशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. म्हणजे पहिल्याच दिवशी लेक बरोबर आणि मी चूक.

पहिला आठवडा मस्त गेला. मॅडमनी मुलांना मुठीने मोजायला शिकवलं होतं, हात सरळ ताणून मूठ धरली की आकाशातले साधारण १० अंश झाकले जातात (मुलांची मूठ लहान पण हातही आखूड, त्यामुळे हिशोब जमतो). रोज त्याच वेळी बघितलं की चंद्र कालच्यापेक्षा एका मुठीहून थोडा जास्त पुढे सरकलेला असायचा. हे मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, इतकी वर्षं चंद्र डोक्यावर आहे आणि मला पत्ताच नाही.

मग आले ढग. आठवा, नववा, दहावा दिवस, सलग तीन रात्री काहीच नाही. माझ्यातली जुनी खोड जागी झाली. मोबाईलवर त्या तारखांचे चंद्र शोधले आणि ती झोपल्यावर तिन्ही गोल सुबक भरून टाकले. सकाळी तिने बघितलं आणि विचारलं, तू पाहिलास का? म्हटलं नाही, पण असाच असतो तो. ती काही बोलली नाही, खोडरबर घेऊन बसली. माझी पेन्सिल जरा जोरात लागली होती त्यामुळे नवव्या चौकोनात कागद फाटून भोकच पडलं. दुपारी मॅडमना फोन करून दुसरा चार्ट करू का विचारलं तर त्या म्हणाल्या भोक राहू द्या. मला तेव्हा त्यांचा रागच आला होता खरं तर.

पौर्णिमा तेराव्या दिवशी झाली. सोळाव्या दिवसापासून मात्र चंद्र गायबच झाला. आम्ही आपले रोज सातला गॅलरीत उभे, आकाश स्वच्छ, चांदण्या आहेत, चंद्र नाही. पालकांच्या ग्रुपवर विचारलं तर दोघांनी थंब्सअप टाकला आणि एकाने रेडीमेड चार्ट कुठे मिळतो ते सांगितलं. कारण साधं होतं, चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास उगवणारा चंद्र तीन-चार दिवसांत लेकीच्या झोपेच्या वेळेपलीकडे गेला होता. पण हे मला नंतर कळलं. पाच चौकोन असेच गेले.

एकविसाव्या दिवशी सकाळी बसस्टॉपवर उभे होतो, मी डबा दिला का ते दप्तरात चाचपत होते, आणि लेक ओरडली, आईऽ तो बघ! निळ्या आकाशात चक्क अर्धा चंद्र, दुधात पाणी घातल्यासारखा फिकट. बस आली, ही चढेना, आधी चित्र काढू दे म्हणे. शेवटी माझ्या तळहातावर पेनने काढून गेली आणि मी दिवसभर तो हात जपून धुतला. मग लक्षात आलं की ते पाच दिवस पण तो सकाळी तिथेच असणार, आम्हीच संध्याकाळी डोळे लावून बसलो होतो. कोणाला हा प्रोजेक्ट आला तर एवढंच सांगेन, पौर्णिमेनंतर वेळ बदला, शाळेत जाताना वर बघा.

त्या रात्री तिने विचारलं, अर्धा का दिसतो? मी ठसक्यात सांगितलं, पृथ्वीची सावली पडते. मॅडमनी दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला, घरी अंधारात टेबललॅम्प आणि चेंडू घेऊन बघा. बघितलं. दिवा म्हणजे सूर्य, चेंडू चंद्र आणि लेकीचं डोकं पृथ्वी. लेकीने चेंडू हात लांब करून धरला आणि जागच्या जागी गोल फिरली, चेंडूवर कोर, अर्धा, पूर्ण, सगळं आपोआप आलं, सावलीबिवली काही नाही. सावली आली ती फक्त दिवा बरोबर पाठीमागे आल्यावर, तिच्याच डोक्याची. तिने चेंडू थोडा वर उचलला आणि तो पुन्हा उजळला. म्हणजे सावली पडते ते ग्रहण, आणि चंद्राची वाट पृथ्वीच्या वाटेशी साधारण ५ अंशांनी कललेली असल्यामुळे दर पौर्णिमेला ते होत नाही. चाळिशीला आले, दोन डिग्र्या आहेत, आणि हे मला चेंडूने शिकवलं.

शेवटी अमावस्येच्या आसपास चार चौकोन अजून रिकामे गेले. तिसाव्या संध्याकाळी पुन्हा कोर, पहिल्या दिवसापेक्षा बारीक. फेरी साडेएकोणतीस दिवसांची असते म्हणून तसं.

प्रदर्शनात बक्षीस मोटर लावून फिरणाऱ्या थर्मोकोलच्या चंद्राला मिळालं, छानच होता तो. आमच्या चार्टसमोर एक पाहुणे थांबले आणि म्हणाले, बारा राहिले की. लेकीने बोट ठेवत सांगितलं, या तीन दिवशी ढग, या पाच दिवशी मी झोपले होते, आणि या चार दिवशी तो सूर्याच्या बाजूला होता. भोकाबद्दल विचारलं तर म्हणाली, ते आईचं. मी कोपऱ्यात मी नव्हेच असा चेहरा करून उभी. मी हौसेने कोपऱ्यात चंद्राचं अंतर ३,८४,४०० किलोमीटर असं चमकीने लिहिलं होतं, ते कोणी वाचलंसुद्धा नाही.

आता वर्ष संपताना शाळेतून फॉर्म आलाय, विद्यार्थ्याच्या अभ्यासेतर उपलब्धी. रकाने तीन, उपक्रम, स्तर, क्रमांक. मी फाइल काढली, नऊ सर्टिफिकेटं, त्यातली आठ सहभागाची, आणि एक चमचा-लिंबूचं ज्यात तिसरा नंबर आला होता आणि धावायला चौघंच होती. ती उतरवायला घेतली तर लेकीने पेन ओढून घेतलं. पहिल्या रकान्यात लिहिलं, सकाळी चंद्र सापडला. मग विचारलं, स्तर म्हणजे कुठे झालं ते ना? म्हटलं, हो, साधारण तसंच. तिने लिहिलं, बसस्टॉप. क्रमांकात रेघ मारली आणि फॉर्म दप्तरात टाकला.