प्रवासाच्या दिवशी लघवीची गोळी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पुण्याची बस धरायची असली की नाशिकरोडला आमच्या मेडिकलमध्ये हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्या बहुतेक बायकाच असतात: "भाऊ, आजच्या दिवस ती लघवीची गोळी नाही घेतली तर चालेल ना?" सिन्नरच्या पुढे बस कुठे थांबेल आणि तिथलं बाथरूम कसं असेल याची मलाही कल्पना आहे, त्यामुळे मी हसत नाही.

मूत्रपिंडं दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळतात आणि जवळजवळ सगळा परत रक्तात ओढून घेतात. लघवीवाटे जातं ते दीड-दोन लिटर. पाणी परत येतं ते मिठाच्या मागोमाग. लघवीची गोळी म्हणतात ती लॅसिक्स, म्हणजे फ्युरोसेमाइड, हे मीठच माघारी येऊ देत नाही. मग पाणीही त्याच्याबरोबर बाहेर पडतं. हृदय अशक्त झालं, लिव्हर किंवा किडनी बिघडली की पायांवर, पोटात, फुप्फुसांत साठलेलं पाणी असं उतरतं. निव्वळ बीपीसाठी देतात ती बहुधा वेगळी, क्लोरथॅलिडोनसारखी. तिचा जोर बेताचा, पण दिवसभर पुरतो.

लॅसिक्स तासाभरात लागू पडते आणि सहा-आठ तासांत ओसरते. म्हणून सकाळची बस असेल तर पोचल्यावर दुपारी घेऊ का, असं डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारून ठेवा. परस्पर बुडवू मात्र नका. हार्टच्या पेशंटने गोळी बुडवली आणि वर मिसळ-पापड हाणला, की रात्री आडवं पडल्यावर दम लागू शकतो. सकाळपासून पाण्याचा थेंब न घेता बसणाऱ्याही आहेत. गोळी घेऊन, तेही एप्रिलच्या उन्हात, हा उपास केला तर चक्कर ठरलेली.

बसून बसून गुडघे धरले म्हणून डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी घेऊ नका. ती मीठ अंगात अडवते, लॅसिक्सचा जोर मोडते आणि किडनीला जड जाते. स्टँडवरचं नारळपाणी? पाकिटावर स्पायरोनोलॅक्टोनही लिहिलेलं असेल तर जपून, कारण ती पोटॅशियम धरून ठेवते आणि नारळपाण्यात ते भरपूर असतं.

गावाहून आल्यावर सकाळी उपाशीपोटी वजन करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं असेल तर पाहुणचाराला दोष न देता डॉक्टरांना फोन करा.