तेरा वजा नऊ आणि न पुसलेला फळा

जपानच्या प्राथमिक शाळेत सरावाला गेलेला छात्राध्यापक परत आला की मुलं वर्ग कसा झाडतात, जेवण कसं वाढतात, हेच आधी सांगतो. पण त्याच्या शिकवण्यात पुढे मुरतात त्या सवयी वेगळ्या. त्यांतली पहिली फळ्याची.

तिथे ४५ मिनिटांच्या तासात फळा शक्यतो पुसत नाहीत. गणिताच्या तासाला डावीकडे तारीख, उदाहरण आणि आजचा उद्देश. मध्ये मुलांच्या रीती. उजव्या टोकाला मुलांच्याच शब्दांत निष्कर्ष. भाषेच्या तासाला लेखन उभं, उजवीकडून, म्हणून क्रम उलटा. याला 'बान्शो' म्हणतात. तास संपताना कुठून निघालो आणि कुठे पोचलो ते एका नजरेत दिसतं. त्यासाठी फळ्याचं चित्र आधीच टाचणात, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यात, काढावं लागतं. आपल्याही टाचणात फलकलेखनाचा रकाना असतो, पण त्यात बहुधा नुसते मुद्दे भरले जातात. कोणती गोष्ट फळ्यावर कुठे येणार, ते नसतं. तिथे खडू मुख्यतः पांढरा आणि पिवळा, कारण हिरव्या फळ्यावर लाल अक्षर नीट उठत नाही. रंगांधळ्या मुलांना तर ते दिसतच नाही म्हणा ना.

दुसरी सवय मला सर्वांत मोलाची वाटते. तिथल्या टाचणात 'मुलं काय म्हणतील' याला स्वतंत्र जागा असते. इयत्ता पहिलीचं १३ − ९ घ्या. कुणी एकेक मोजत मागे येईल. कुणी आधी ३, मग ६ काढेल. कुणी दहातून ९ काढून उरलेला १ तिनात मिळवेल. ९ हा आकडा मुद्दाम निवडलेला, कारण तो दहाच्या अगदी जवळ आहे आणि तिसरी रीत त्याने सहज सुचते. १२ − ३ दिलं, तर मुलं आधी २ आणि मग १ काढण्याकडे वळतात. एका आकड्याने धडाच बदलतो.

मुलं एकेकटी सोडवत असताना शिक्षक वर्गाच्या बैठकीचा नकाशा हातात घेऊन फिरतो आणि कुणी कोणती रीत वापरली याची खूण करतो. फळ्यावर कुणी आधी यायचं ते इथे ठरतं. सर्वांत सुबक रीत पहिल्यांदा आली की चर्चा तिथेच बसते. म्हणून मोजणारा आधी, दहा फोडणारा नंतर. नवा शिक्षक चुकतो तो इथेच. अडलेल्या एका मुलापाशी तो पाच मिनिटं थांबतो आणि बाकीच्या वह्या पाहायच्या राहतात. पहिली फेरी फक्त पाहण्याची, मदत दुसऱ्या फेरीत.

आता हाच पाठ मराठी शाळेत जसाच्या तसा घेतला, तर फसतो. जपानीत तेराला 'जू-सान' म्हणतात, म्हणजे दहा-तीन. शब्दातच दहा उघडा आहे. आपल्या 'तेरा'त तो मुलाला ऐकू येत नाही. एकोणीस तर विसाकडून मोजलेला. म्हणून आधी काही दिवस दहा काड्यांचा एक गठ्ठा आणि तीन सुट्या काड्या हातात द्याव्यात, 'दहा आणि तीन, तेरा' असं म्हणवून घ्यावं, आणि मग गठ्ठा सोडून नऊ काढायला सांगावं. ही पायरी गाळली की मुलं बोटांवरच राहतात.

वेळेचंही गणित बदलतं. तासिका ३५ मिनिटांची असेल, तर उदाहरणाला ५, एकट्याने सोडवायला ८, चर्चेला १५, निष्कर्ष आणि वहीला ७. फळ्यावर रीती दोनच घ्याव्यात, पण चर्चेची मिनिटं कापू नयेत. दोन इयत्ता एका खोलीत असतील, तर फळ्यावर मधोमध रेघ ओढून अर्धाच वापरायचा आणि एका इयत्तेची चर्चा चालू असताना दुसरीला लेखी काम द्यायचं.

पाठानंतर फळ्याचा फोटो काढून टाचणातल्या चित्राशेजारी चिकटवावा. पाठ पाहायला आलेल्या निरीक्षकाला शिक्षकाकडे पाहायला सांगू नये. दोन मुलं नेमून द्यावीत आणि त्यांनी काड्या कधी सोडल्या, वहीत काय खोडलं, एवढंच टिपायला सांगावं.